चिकट भाताचा डोहाळा

सुनेने माझ्याकडे भात मागितला आणि मी मान डोलावली, एवढंच खरं तर घडलं. पुढे जे झालं त्याला मी कितपत जबाबदार आहे, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. माझी बायको चारुशीला म्हणते, सर्वस्वी. शेजारचे सुभेदार तात्याबा म्हणतात, निम्मे. माझा स्वतःचा अंदाज या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. पण माझे अंदाज सहसा चुकतात, म्हणून मी तो कुणाला सांगत नाही.

सून म्हणजे मारिसेल. फिलिपीन्सची, पेशाने नर्स. आमचा निमिष जहाजावर इंजिनिअर आहे. बायकोच्या बाळंतपणात आपण समुद्रावर असणार म्हटल्यावर त्याने तिला सांगलीला आमच्याकडे आणून सोडलं, आणि तो निघून गेला. तिला सातवा महिना लागला तसा चारुशीलेने एकच प्रश्न धरला. "डोहाळे कसले लागलेत? आंबट? तिखट? भडंग आणू? मिरजेहून पेढे मागवू?" मारिसेल हसून म्हणायची, "सगळं छान, आई." आणि ताटातलं सगळं छान इकडून तिकडे सरकवत बसायची. दवाखान्यातला वजनकाटा महिनाभर एकाच आकड्यावर उभा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजीचं नाही, पण तिला आवडेल ते द्या."

तिला काय आवडतं हे घरात न विचारणारा माणूस मी एकटाच. त्यात शहाणपण काही नव्हतं, भीती होती. माझा जन्म वाचनालयाच्या टेबलामागे गेला. माझ्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी होती, आणि ती पाटी माझ्यासाठी लावायची काही गरज नव्हती, असं सभासद म्हणत. इंग्रजी मी वाचतो भरपूर, पण बोलायचं वाक्य जुळवून होईतो समोरचा माणूस जेवून झोपलेला असतो. त्यामुळे सुनेशी माझं संभाषण 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलं नव्हतं.

एका दुपारी मी व्हरांड्यात वाचत बसलो होतो. मारिसेल शेजारी येऊन बसली आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. केळीच्या पानावर तपकिरी, चकचकीत वड्या.

"आप्पा, बिको," ती म्हणाली. "भात. नारळ. गूळ." मग तिने दोन बोटं एकमेकांना टेकवली आणि हळूहळू लांब नेली, मध्ये तार ओढल्यासारखी. "चिकट. माझी आई करते."

'चिकट' हा शब्द ती आमच्याच स्वयंपाकघरात शिकली होती. तिथे तो शिवीसारखा वापरतात. पण तिने तो असा उच्चारला, की एखाद्याने आपल्या गावाचं नाव घ्यावं. मी मान डोलावली. ती उठून आत गेली, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकू आली. मग मला घाम फुटला.

इथे आमच्या घरातल्या भाताबद्दल सांगायला हवं. चारुशीलेचा मसालेभात आमच्या विश्रामबाग भागात प्रसिद्ध आहे. लग्नघरची मंडळी आचाऱ्याचा भात उतरवण्याआधी तिला बोलावून झाकण उघडून दाखवतात. भात असा हवा, की एका शिताची दुसऱ्या शिताशी ओळख नसावी, असं तिचं मत. चिकट भात ही दुसऱ्यांच्या घरी होणारी गोष्ट आहे.

"काय कबूल केलंत तिला?" तिने विचारलं.

"चिकट भात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "बरं. मी करते. एकदा डोळे मिटून करते."

"नको," मी म्हणालो. "तिने मला सांगितलंय. मी करीन." हे वाक्य माझंच होतं की काय, अशी मला शंका आली, पण घरात दुसरं कुणी पुरुषमाणूस नव्हतं. "डोहाळजेवणाला तिच्या पानात बिको असेल."

"अहो, तुम्ही चहा गाळताना वाचता आणि गाळणं कपात पडतं."

हे खरं होतं. पण ज्या मुलीने या घरात आजवर काही मागितलं नाही, तिने पहिली मागणी माझ्यापाशी आणली होती. ती पुरी झाली नाही तर ती पुन्हा कुणापाशीच काही मागणार नाही, अशी माझी खात्री होती. या बाबतीत माझा अनुभव दांडगा आहे. मी स्वतः तसाच आहे.

सुरुवात अर्थातच वाचनाने केली. भाताविषयी मी इतकं वाचलं, की आठवड्याभरात तांदळाच्या पोटातल्या पिठाचे प्रकार झोपेत सांगू शकलो असतो. निष्कर्ष एवढाच, की बिकोला वेगळा तांदूळ लागतो. मी पिशवी घेऊन पेठेत गेलो.

"चिकट तांदूळ आहे का?" मी विचारलं.

दुकानदाराने तराजू खाली ठेवला. "कुणी सांगितलं आमचा तांदूळ चिकट होतो म्हणून?"

"नाही, नाही. कुणी नाही."

"मग?"

"मला चिकटच हवाय."

"काका," तो इतर गिऱ्हाइकांकडे बघत मोठ्याने म्हणाला, "ह्या दुकानातला तांदूळ आजोबांच्या काळापासून कधी चिकटला नाही. टोमणे मारायचे असले तर समोरच्या दुकानात मारा." मी त्याची समजूत घालण्यासाठी दोन किलो बासमती विकत घेतला. समोरच्या दुकानातही तेच झालं. घरी बासमतीचा साठा झाला.

सुभेदार तात्याबा कुंपणापाशी उभे होते; चिकट तांदळाची बातमी त्यांना चारुशीलेकडून कळली होती. हे आमचे शेजारी. मूळचे कुंडलचे, फौजेतून निवृत्त झालेले, गावाकडे ऊस, इथे बंगला आणि मागच्या मोकळ्या जागेत एक गाय. आवाज असा, की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट पलूसला ऐकू जावी.

"आवं आप्पा, त्यात काय! इंद्रायणी घ्या की. पाटणकडनं आमच्या पाव्हण्यांनी पोतं पाठिवलंय. नुसती वाफ दावली तरी मऊ पडतोय."

त्यांची पत्नी राहीबाई मागून म्हणाल्या, "मऊ येगळा आन् चिकट येगळा. पर आप्पा, चिकट कशापायी? गरवार पोरीला आसलं खाऊ घालून घशात बसंल की!"

इंद्रायणी आणला. नारळाचं दूध काढलं, त्यात गूळ विरघळवला, त्यात तांदूळ टाकला आणि ढवळत उभा राहिलो. गुळात पडलेला कच्चा तांदूळ शिजायचं नाकारतो, ही गोष्ट माझ्या वाचनातून निसटली होती. दुपारपर्यंत ढवळलं. गुळाचा पाक झाला, पाकाची चिक्की झाली, तांदूळ जसा होता तसाच राहिला. चारुशीलेने एक दाणा दाताखाली धरला आणि परत काढला.

"तात्याबांना द्या," ती म्हणाली. "त्यांच्याकडे बंदूक आहे."

मारिसेलने मात्र कुणी बघत नाही असं पाहून त्यातला एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ ती गालात तो घोळवत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "छान, आप्पा." हे 'छान' मी ओळखत होतो. आमच्या आमटीला ती हेच म्हणायची.

दरम्यान तिच्या आईने तिकडून खरा तांदूळ पार्सलने पाठवला. त्याचं पुढे काय झालं ते सांगताना मी शक्य तितका शांत राहणार आहे. पार्सल देशात आलं आणि बसलं. मग कस्टमच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला.

"सर, यात धान्य आहे. धान्याला रोग नसल्याचा दाखला लागतो."

"तांदळाला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "चांगला आहे."

"तुम्ही पाहिलाय का?"

"तो तुमच्याकडे आहे."

"मग चांगला आहे हे कसं सांगता?" त्या पुढच्या रकान्यावर गेल्या. "बरं, प्रयोजन काय? पेरणी, संशोधन की इतर?"

"डोहाळे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "इतर लिहिते. पण 'इतर'ला कारणाचा पुरावा जोडावा लागेल."

मी पुराव्यादाखल काय जोडावं याचा विचार करत राहिलो. सोनोग्राफीचं चित्र पाठवावं तर ते सासऱ्याने पाठवणं बरं दिसेना. शेवटी मी एक सविस्तर पत्र लिहिलं, त्यात डोहाळ्यांची परंपरा थोडक्यात, म्हणजे चार पानांत, मांडली. उत्तर आलं, की मजकूर माहितीपूर्ण आहे, पार्सल परत पाठवण्यात येत आहे.

ही बातमी मी मारिसेलला सांगायला गेलो तेव्हा तिला आईकडून आधीच कळली होती. ती खिडकीशी बसली होती. "असू दे, आप्पा," ती म्हणाली. "राहू दे आता." ते 'राहू दे' ऐकून मी व्हरांड्यात आलो आणि हातात पुस्तक धरून बसलो. पान उलटलं नाही.

तेवढ्यात कुंपणावरून तोफ डागल्यासारखा आवाज आला. "आप्पा! आसाम!"

मी दचकलो. तात्याबा पुढे म्हणाले, "आवं, आसामात पोस्टिंगला हुतो की मी! तिकडं बोरा म्हन्त्यात त्यो तांदूळ. लय चिकट! हाताला लागला तर सॅलूट मारताना हात कपाळालाच ऱ्हायचा. आमचा पुतन्या शिवतेज तिथंच हाय, सुट्टीवर यायलाय. सांगतो त्याला, ट्रंकेत कपडं नगंत, तांदूळ आन!"

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलंत? तुमी पुस्तकाला इचारत हुता."

शिवतेज डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी उतरला. फौजेतली काळी ट्रंक त्याने आमच्या ओट्यावर उघडली. गणवेशाच्या घडीखाली पांढऱ्या कापडात बांधलेला तांदूळ होता. जाडसर, दुधट, आरपार न दिसणारा. चारुशीलेने तो हातावर घेऊन पाहिला आणि पुटपुटली, "दिसतो तर गरीब." मी तो रात्रभर भिजत घातला.

डोहाळजेवणाच्या सकाळी घर बायकांनी भरलं. मारिसेलला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले आणि सजवलेल्या झोपाळ्यावर बसवलं. मला मागच्या अंगणातली शेगडी देण्यात आली. या वेळी घाई केली नाही. तांदूळ मोदकपात्रात वाफवला. मग मोठ्या पातेल्यात नारळाचं दूध आणि गूळ आटवला, वाफवलेला तांदूळ त्यात टाकला आणि उलथनं दोन्ही हातांत धरून ओढत राहिलो. चारुशीला एकदा डोकावून गेली. तिचा हात सवयीने लिंबाच्या फोडीकडे गेला; भात मोकळा व्हावा म्हणून ती लिंबू पिळते. मी म्हणालो, "चारू, नको." तिने स्वतःचा हात दुसऱ्या हाताने धरला आणि आत गेली. लग्न झाल्यापासून तिने माझ्यासाठी केलेला हा सर्वांत मोठा त्याग असावा.

आणि भात चिकटला! मी उलथनं मधोमध सोडलं, ते उभं राहिलं. उचललं तर पातेलं वर आलं. रंग गुळाच्या ढेपेसारखा, वास असा की शेजारची मांजर येऊन बसली. मी वरती फडकं झाकलं, थकून तासभर आडवा झालो आणि मग आंघोळीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी आंघोळ करताना शीळ घातली, असं नंतर समजलं. मला स्वतःला ते आठवत नाही.

परीटघडीचा सदरा घालून बाहेर आलो, तेव्हा पंगत बसली होती. मारिसेलच्या चांदीच्या ताटात मधोमध एक मूद होती. केशरी, टपोरी. प्रत्येक शीत सुटं. वर काजू.

"वा, आप्पा!" बायका म्हणत होत्या. "केवढा मोकळा झालाय! हे परदेशी पक्वान्न म्हणायचं!"

मी उंबऱ्यातच थांबलो. एखाद्या दुसऱ्या माणसाने त्या क्षणी आवाज केला असता. माझ्या मनात पहिला विचार आला, तो असा, की थंड झाल्यावर बोरा तांदूळ आपोआप मोकळा होत असला पाहिजे आणि हे माझ्या वाचनात कसं आलं नाही. दुसरा विचार असा, की मी मुळात काही शिजवलंच नव्हतं.

मारिसेलने एक घास घेतला. ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छान, आप्पा," ती म्हणाली.

मी मागच्या दारी गेलो. तिथे राहीबाई पदर खोचून हात धूत होत्या. मला पाहताच त्यांनी आवाज खाली आणला. तो त्यांना जमतो, तात्याबांना नाही.

"आप्पा, काय बी काळजी करू नगा. कुनाला कळू दिलं न्हाई मी."

"काय कळू दिलं नाही?"

"तुमचा भात लय बिघाडला हुता. पार खळ! पत्रिका चिकटवाव्यात आसली. मी म्हनलं, यवढ्या बायकांत मानसाची आब्रू जायची. म्हातारपनी इतकं राबला तुमी. मग तुमच्याच बासमतीचा दणक्यात नारळीभात टाकला." त्यांनी माझ्या खांद्याकडे मायेने पाहिलं. "न्हाई म्हनू नगा. शेजारधर्म हाय."

"आणि तो? खळ?"

"गाईला घातला. आन्न वाया कशाला?"

कुंपणापलीकडे गाय उभी होती. तिचा जबडा अतिशय सावकाश, विचारपूर्वक हलत होता. खालचा ओठ वरच्यापासून सुटायला वेळ लागत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला कृतज्ञता दिसली नाही, पण समाधान होतं.

राहीबाईंना काय बोलणार? त्यांनी माझी अब्रू वाचवली होती. मी 'आभारी आहे' म्हणालोही. मग नजर पातेल्याकडे गेली.

"ते मातूर साफ हुईना बगा," त्या म्हणाल्या. "तळाला आसलं धरलंय, उलथन्यानं बी सुटंना. घरी न्हेऊन भिजत घालते."

मी पातेल्यात वाकून पाहिलं. तळाला बोटभर जाडीचा थर होता. कडेला करपून कुरकुरीत, मध्ये तपकिरी, चकचकीत, हट्टी. एवढ्या चिकट पदार्थाला पूर्णपणे नाहीसा करणं राहीबाईंसारख्या कामसू बाईलाही जमलं नव्हतं.

आता गोष्ट अशी, की डोहाळजेवणाच्या खोलीत पुरुषांनी जायचं नसतं. त्यातून ओवाळणं सुरू झालेलं. गाणी चाललेली. वीसेक बायका, त्यातल्या निम्म्या वाचनालयाच्या सभासद. मी वाचनालयातसुद्धा कधी कुणाच्या मध्ये बोललो नाही. पातेलं तिथेच ठेवून पुस्तक घेऊन बसावं, असं मला फार वाटलं. पण ते 'छान' माझ्या कानात बसलं होतं.

मी उलथन्यासकट पातेलं उचललं आणि आत गेलो. गाणं मधेच थांबलं. चारुशीलेच्या हातातलं निरांजन हवेत राहिलं.

"अहो!" ती म्हणाली. "ते काळं भांडं!"

"एक मिनिट," मी म्हणालो. आवाज मोठा आला, माझाच मला ओळखू आला नाही. "मारिसेल, ते ताटातलं बिको नाही. बिको हे आहे. गैरसमजाने ते गाईने खाल्लं. एवढंच राहिलंय."

मारिसेलने पातेल्यात पाहिलं. मग ती झोपाळ्यावरून उतरली, हिरव्या साडीसकट जमिनीवर बसली, पातेलं मांडीत घेतलं आणि माझ्या हातातलं उलथनं काढून घेऊन खरवडायला लागली. खर्र, खर्र असा आवाज खोलीभर झाला. पहिली खरवड निघाली, ती तिने बोटांनी उचलली. तिच्या तोंडापासून बोटांपर्यंत एक लांब तार ओढली गेली. तिने डोळे मिटले. 'छान' म्हणाली नाही. दुसरी खरवड काढली, मग तिसरी.

राहीबाई दारात येऊन उभ्या होत्या. "आगं बया! आवं चारुताई, थांबवा तिला! पातेलं खरवडून खाऊ न्हाई! लगनात पाऊस पडतोय!"

"लग्न झालंय तिचं, राहीबाई," कुणीतरी म्हणालं.

मारिसेलने भरल्या तोंडाने विचारलं, बाई काय म्हणतात. चारुशीलेने तिला इंग्रजीत समजावलं. मारिसेल इतकी हसायला लागली, की डोक्यावरच्या फुलांची जाळी कानावर आली.

लग्न तिकडे तिच्या गावी झालं होतं. आम्ही फोटो पाहिले होते. फोटोंत सगळे दाटीवाटीने बसून हसत होते, म्हणून आम्ही अधिक काही विचारलं नव्हतं. "आई, पाऊस नाही," मारिसेल अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत म्हणाली. "तुफान! मांडव उडाला. चर्चचं अर्धं छप्पर उडालं. निमिष ओला, पाद्री ओला, सगळं गाव आमच्या स्वयंपाकघरात." तिने उलथनं राहीबाईंकडे रोखलं. "मी लहानपणापासून रोज पातेलं खरवडते."

राहीबाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "बगा! मी सांगत न्हवते?" मग त्या खाली टेकल्या आणि म्हणाल्या, "दे बगू जरा. गाईनं यवढं काय चाटून खाल्लं ते तरी कळू दे."

एक शीत सुटेना अशी खरवड त्यांच्या बोटाला आली. मग सगळ्याच बायका पुढे सरकल्या. चारुशीला शेवटपर्यंत उभी होती. शेवटी निरांजन खाली ठेवून तिनेही कडेचा कुरकुरीत तुकडा घेतला, तज्ज्ञाच्या गंभीरपणाने चघळला, आणि म्हणाली, "हा भात नव्हेच. याला भात म्हणत होतात म्हणून घोटाळा झाला. मिठाई म्हणून पुष्कळ बरं आहे." तिच्याकडून परक्या पदार्थाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

तळाचा शेवटचा गोळा मारिसेलने मला दिला. "आप्पा, कसं झालं?"

मला सांगायचं होतं. खरंच खूप सांगायचं होतं. चव तुझ्या आईच्या हातासारखी आहे का, तुझं गाव कसं आहे, त्या स्वयंपाकघरात किती माणसं मावली, हे सगळं मला विचारायचं होतं, आणि वाक्यंही आपोआप जुळून आली होती. मी तोंड उघडायला गेलो आणि उघडेना. माझी वरची कवळी खालच्या कवळीला घट्ट धरून बसली होती.

"म्म्म," मी म्हणालो.

मारिसेल क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आमचे आजोबा आधी दात काढून ठेवतात, आप्पा. मग बिको खातात."